सायलेन्सरचा वरचा सांधा

बसले की माझा उजवा पाय हलायला लागतो. मला कळतही नाही. जळगावच्या या घरात सून येऊन हळूच गुडघ्यावर हात ठेवते, मग मी थांबवते, आणि ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा सुरू. माय असती तर तिनं हात ठेवला नसता, चापट दिली असती. "पाय हालाडू नको वं, कोठे जावानं शे तुले?" असं ती दिवसातून दहा वेळा विचारायची. कुठं जायचंय हे तेव्हा मला नेमकं सांगता यायचं नाही. इथून जायचंय, एवढंच पक्कं होतं. बारावीची परीक्षा देऊन मी घरात बसले होते, आणि त्या दोन-तीन महिन्यांत पायाला भिंगरी लागल्यासारखी मी शेडमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गच्चीवर आणि गच्चीवरून पुन्हा शेडमध्ये नाचत असे. त्या उन्हाळ्याबद्दल मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण सांगायचं राहून गेलं तर माझ्या जिवाला आणखी एक घोर लागेल.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत आमचं घर होतं. आत दोन खोल्या, मागे चूल, आणि पुढे या सगळ्याहून मोठी पत्र्याची शेड. शेडच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा होता. त्याच्या दोन्ही कडांवर चाकं येतील अशी गाडी उभी करायची आणि खाली उतरून पोटाखालचं काम करायचं. माझे वडील, नाना, गाड्यांचे सायलेन्सर कापायचे आणि जोडायचे. दुसरं काही नाही. इंजिनचं काम घेऊन कुणी आलं तर ते हात जोडून परत पाठवायचे. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत धूर वाहून नेणारी जी नळी, तेवढंच त्यांचं राज्य. पण त्या राज्यात त्यांचा शब्द शेवटचा होता. साक्री, पिंपळनेरहून जीपवाले यायचे, चोपड्याहून यायचे. डोंगरातल्या रस्त्यांवर दगड लागून फुटलेले, गंजून चाळण झालेले पाइप घेऊन गाड्या आमच्या गल्लीत शिरल्या की त्यांच्या आवाजानं समोरच्या घरातली तान्ही मुलं रडत उठायची.

कुजलेला भाग हॅक्सॉनं कापायचा. नवा पाइप वाकवायचा तर त्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाचे गुट्टे मारायचे आणि लाल होईपर्यंत तापवायचा, म्हणजे वाकताना चिमटत नाही. मग एक तोंड तापवून फाकवायचं, दुसरं त्यात बसवायचं आणि भोवती गॅसनं वेल्डिंग करायचं. कोपऱ्यात हा गॅस बनवणारी कार्बाइडची टाकी दिवसभर गुडगुडायची. तिचा वास लसणासारखा, पण कुबट. आमच्या कपड्यांना, भाकरीला, माझ्या केसांना तोच वास. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, "तुझ्या घरी रोजच ठेचा असतो का गं?" मी हो म्हणायचे. रोज असायचाही. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, उडदाचं घुटं. उन्हाळ्यात गच्चीवर माय बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची आणि खाली कुणी गाडी सुरू करून रेस दिली की काजळीचे कण उडून बिबड्यांवर बसायचे. मग जे भांडण व्हायचं, ते ऐकायला गल्लीतल्या बायका कामं टाकून दारात यायच्या.

माय कजाग म्हणून प्रसिद्ध होती. "काय बाई शे, दिनभर नवरावर वरडस," असं बायका म्हणायच्या आणि नानांची कीव करायच्या. खरी गोष्ट वेगळी होती. नानांना ऐकू येत नव्हतं. पंचवीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडावर हातोडा मारून आणि फुटक्या सायलेन्सरखाली डोकं घालून त्यांचे कान गेले होते. मी नववीत होते तेव्हा ते कमी झाले आणि वर्षभरात जवळजवळ संपलेच. माय ओरडून त्यांना शिव्या देत नव्हती, "च्या व्हयना!" चहा झाला, एवढंच सांगत होती. भाजीत मीठ जास्त झालं का, पाहुणे आले आहेत, दाराला कडी घाला. पण हे सगळं भांडणाच्या सुरात सांगितलं की गल्लीला संशय येत नाही, हे तिनं ओळखलं होतं. सायलेन्सरवाला बहिरा आहे हे कळलं तर गाडी कोण आणील? तेव्हा भांडखोर बाई म्हणवून घेणं तिला परवडलं. एवढं सगळं ती कधी बोलून दाखवायची नाही. मला आज वाटतं की ते ओझं तिच्यावर आमच्यापेक्षा जास्त होतं, आणि तिला त्याबद्दल मी एक शब्द कधी विचारला नाही.

माझं ओझं वेगळं होतं. सायलेन्सर जोडून झाला की तो कुठं गळतो का हे पाहायची नानांची एक रीत होती. गाडी सुरू करायची, मागच्या टोकावर ओलं पोतं दाबून धरायचं, म्हणजे धुराला बाहेर जायला वाट राहत नाही आणि जिथं बारीकशी फट असेल तिथून तो फुस्स करतो. पूर्वी नाना पोतं पायानं दाबायचे, मान कलती करायचे आणि जागेवरून सांगायचे की दुसऱ्या सांध्याला, डाव्या अंगाला सुईएवढं भोक राहिलंय. लोक तोंडात बोटं घालायचे. आता पोतं तेच दाबायचे, मानही कलती करायचे, पण ऐकायची मी. मी खड्ड्यात बसलेली असायचे आणि त्यांना दिसेल असा हात बाहेर काढायचे. मूठ वळली म्हणजे बंद आहे. पंजा उघडा म्हणजे गळतंय, आणि बोटं दाखवली तर कितव्या सांध्याला. गिऱ्हाईक नानांच्या तोंडाकडे पाहत असायचं, माझ्या हाताकडे नाही. तीन वर्षं आम्ही हे नाटक इतकं बेमालूम केलं की मला कधीकधी त्याचा अभिमान वाटायचा. आणि कधीकधी असं व्हायचं की मूठ वळलेली असतानाच मला ती खड्ड्याच्या भिंतीवर आपटावीशी वाटायची.

ऐकता ऐकता मी बाकीचंही शिकले. माझा हात बारीक, त्यामुळे जिथं नानांचा पंजा शिरत नाही तिथं माझा जायचा. काळा चष्मा लावून, ओढणी डोक्याला घट्ट बांधून मी वेल्डिंग करायला लागले. लोकांना आधी हसू यायचं, मग काम पाहून यायचं बंद झालं. आज एखाद्या पोरीनं हे केलं तर तिचे फोटो काढतील. तेव्हा मायला माझ्या लग्नाची काळजी लागली होती आणि हाताच्या भाजलेल्या डागांवर ती रोज रात्री खोबरेल चोळायची.

मला मात्र जळगावला जायचं होतं. तिथं तंत्रनिकेतनात मुलींना घेतात, वसतिगृहही आहे, असं माझ्या वर्गातल्या एकीनं सांगितल्यापासून मी घरात धड जेवत नव्हते. अर्ज आणून ठेवला. माय म्हणाली, "तू गयी तर नानाना कान कोन?" हा प्रश्न तिनं वाईट हेतूनं विचारला नव्हता, पण त्याला उत्तर नव्हतं म्हणून मला तिचा राग यायचा. नानांपुढे अर्ज धरला की ते तो उलटसुलट पाहायचे आणि ऐकू न आल्यासारखं करायचे. खरंच ऐकू न येणारा माणूस ऐकू न आल्यासारखं करतो तेव्हा फार चीड येते. असे पंधरा दिवस गेले. मग शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ताटावरून उठता उठता एकदम सांगितलं, "सकायले जाऊत. मी येस संगे." आणि मायला इस्त्रीचा पांढरा सदरा काढून ठेवायला सांगितला. मला झोप लागली नाही. सकाळपर्यंत त्यांचं मन बदललं तर, एवढंच मनात.

सकाळी सात वाजता जीप आली. बोदवडकडचे एक केळीवाले शेतकरी, त्यांना सगळे आप्पा म्हणत होते, धुळ्याला दिलेल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आले होते. सोबत त्यांची बायको. जीप त्यांची स्वतःची. आदल्या दिवशी येताना खड्ड्यात आदळून सायलेन्सरचा पुढचा पाइप मधोमध तुटला होता. लेक व्याह्यांच्या घरी ओटी भरून तयार बसली आहे, ऊन चढायच्या आत निघायचं आहे, असं आप्पा सांगत होते. मे सरून जून लागला होता, पण खानदेशातलं ऊन तारीख पाहत नाही. मला वाटलं, आजच यायचं होतं यांना! नानांनी जीपखाली वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हॅक्सॉ उचलला. लेकुरवाळी होणारी पोर अडून बसली आहे म्हटल्यावर ते नाही म्हणणारच नव्हते.

आम्ही भराभर कामाला लागलो. तुटका तुकडा कापला, नवा बसवला, नऊपर्यंत मागचा सांधा पूर्ण झाला. पुढचा सांधा अवघड जागी होता. पाइप तिथं जीपच्या तळाच्या पत्र्याला जवळजवळ चिकटून जातो. खालची आणि बाजूची कड वेल्डिंगला मिळते, पण वरच्या कडेला ज्योत पोचत नाही. पाइप सोडवून काढावा तर पुढचे बोल्ट गंजून एक झालेले, ते तोडले तर दिवस जाणार. यावर नानांचा एक तोडगा होता. पाइपच्या खालच्या अंगाला चौकोनी तुकडा कापून खिडकी पाडायची, त्या खिडकीतून आत ज्योत घालून वरचा सांधा आतून भरायचा, आणि मग कापलेला तुकडा जागेवर ठेवून खिडकी बंद करायची. एका सांध्याला तीन सांध्यांचं काम. "जठे डोया पोचस नही, तठलं काम पहिले," असं ते म्हणायचे, कारण वरून धूर निघाला तर तो थेट पत्र्याच्या भोकांमधून गाडीत जातो. हे त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. मी ते करूनही दाखवलं होतं.

"खिडकी पाड. मी कपडा बदली येस," असं म्हणून नाना आत गेले. मी खड्ड्यात एकटी. घड्याळात साडेनऊ. खिडकी पाडून, भरून, बंद करून किमान दीड तास. अकराची बस चुकणार, मग पुढची, मग कचेरी बंद, मग नाना म्हणणार की आता पुढच्या वर्षी पाहू. मला घाम येत होता आणि पाय हलत होता. शेल्फावर ॲस्बेस्टॉसची दोरी होती. मोटारसायकलच्या सायलेन्सरवर तात्पुरतं काम करायला आम्ही ती वापरायचो. मी ती भिजवली, वरच्या फटीत बोटानं ठासून भरली, वर चिकणमाती लिंपली. बाजूचं वेल्डिंग नीट होतंच. दहा मिनिटं लागली नाहीत. पुढे काजळी बसून ती फट आपोआप बुजेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. कधीकधी बुजतेही.

नाना पांढरा सदरा घालून बाहेर आले. एरवी ते स्वतः खड्ड्यात उतरून सांध्यावरून हात फिरवायचे. त्या दिवशी सदऱ्यामुळे उतरले नाहीत, आणि तो सदरा माझ्यासाठी घातला होता. आप्पांनी जीप सुरू केली. नानांनी पायानं ओलं पोतं दाबलं, मान कलती केली. माझ्या डोक्यावर वीतभर अंतरावर फुस्स असा आवाज सुरू झाला. तो मला ऐकू आला. एखाद्याला वाटेल की इंजिनच्या आवाजात कळलं नसेल. तर तसं नाही, मला स्वच्छ ऐकू आला. मी हात खड्ड्याबाहेर काढला आणि मूठ वळली. नाना आप्पांना हसून म्हणाले, "बंद शे. जा आरामे."

आप्पांची लेक आमच्या दारातूनच जीपमध्ये बसली, तिच्या सासरचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. नाव कमल. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, आणि चेहऱ्यावर माहेरी निघाल्याचं हसू लपत नव्हतं. मायनं तिला कैरीचं पन्हं पाजलं. पोटुशा बाईला झळ लागू नये म्हणून आप्पांच्या बायकोनं जीपच्या मागच्या बाजूचे ताडपत्रीचे पडदे चारही बाजूंनी खाली सोडले आणि दोऱ्या घट्ट आवळल्या. मी न्हाणीत हात धूत होते. ते पडदे सोडताना मी पाहिले, आणि मग साबण पुन्हा पुन्हा लावत राहिले. त्याच क्षणी बाहेर जाऊन बोलता आलं असतं. जीप सुरू झाली, वळली, गेली.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. अर्ज पिशवीत, पिशवी मांडीवर, शेजारी नाना, आणि मायनं दिलेला दशम्यांचा डबा त्यांच्या हातात. किती दिवस मी या बसची वाट पाहिली होती. आणि आता ती सुटली तर मला तीत बसवत नव्हतं. गरम वारा तोंडावर येत होता, शेतं उघडी पडलेली, आणि मी समोरून येणारी प्रत्येक जीप पाहत होते, जणू ती परत येत असेल. फागणे गाव गेलं. मी मनाशी हिशेब मांडला की दोरी किती टिकेल, रस्त्याचे धक्के किती, पत्र्याला भोकं किती होती. मग स्वतःला सांगितलं की त्या आता एरंडोलला पोचल्याही असतील. नाना पेंगत होते. मला त्यांना उठवून सांगायचं होतं, पण बसमध्ये सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडले तर चाळीस माणसं ऐकणार.

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली जीप उभी दिसली. मी नानांचा हात इतक्या जोरात दाबला की ते दचकून उठले. त्यांनीही पाहिलं आणि उभं राहून कंडक्टरला बस थांबवायला लावली. "काका, दोनच मिनिटं हं," कंडक्टर म्हणाला.

लिंबाखाली चादरीवर कमल पडली होती. साडीवर ओकारीचे डाग, चेहरा लालसर, डोळे अर्धे मिटलेले. तिची आई डोकं धरून खोडाला टेकून बसली होती आणि तिलाही मळमळत होतं. पुढे उघड्यावर बसलेले आप्पा मात्र ठणठणीत होते. दोन-चार वाटसरू जमले होते. कुणी म्हणालं गाडी लागली, कुणी म्हणालं ऊन लागलं, पोटुशा बाईला असं व्हायचंच. एकानं फोडलेला कांदा तिच्या नाकाशी धरला होता. आप्पांनी आम्हाला पाहून हात जोडले. "बरं झालं नाना, तुमी भेटले. पोरीले ऊन बाधलं. आता गाडीत निजवतो, पडदे पक्के बांधतो अन् पारोयाले डॉक्टर पाहतो." असं म्हणून त्यांनी लेकीच्या खांद्याखाली हात घातलासुद्धा.

नाना जीपपाशी गेले. निघायचं म्हणून आप्पांनी इंजिन सुरू करून ठेवलं होतं. त्यांनी वाकून सांध्याच्या दिशेला मान कलती केली, सवयीनं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. ते विचारत होते. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. मग मी हात पुढे केला आणि पंजा उघडला.

नानांचा चेहरा पडताना मी पाहिला. ते काही बोलायच्या आत आप्पा, कमलला अर्धवट उठवत, मोठ्यानं म्हणाले, "नाना, सायलेन्सर तं बरोबर हाये ना? सकायी तुमी सोता आयकलं व्हतं ना?" प्रश्न नानांच्या पाठीकडून आला. त्यांना आप्पांचे ओठ दिसले नाहीत. वळून त्यांनी नुसता आप्पांचा वाट पाहणारा चेहरा पाहिला आणि अशा वेळी नेहमी करायचे तसं केलं. मान डोलावून हसले. "हा, हा," म्हणाले. आप्पांनी कमलला उचललं. आणि मी ओरडले.

"तिले गाडीमा नका ठेवू! नानाले आयकू येस नही. तीन वरीस व्हयनात, काहीच आयकू येस नही. मी आयकस. सकायले गळत व्हतं, मी आयकं, तरी बंद शे म्हनी सांगं. धूर आतमा जास!"

सगळे थांबले. बसचा हॉर्न वाजला. आप्पांनी कमलला पुन्हा चादरीवर ठेवलं आणि ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं मारतात. "दोन जीव हायेत पोरी तिच्यात," एवढंच ते म्हणाले. मी कंडक्टरकडे धावले. त्या बसमध्येच कमलला आणि तिच्या आईला पुढच्या बाकावर, उघड्या खिडकीशी बसवलं, आप्पा त्यांच्याबरोबर चढले, नानांनी दशम्यांचा डबा आणि जीपमधली पाण्याची पिशवी आत दिली. जीप आप्पांनी किल्लीसकट आमच्यावर सोपवली. माझ्यावर विश्वास उरला होता म्हणून नव्हे, त्या वेळी त्यांना जीप सुचतच नव्हती. बस गेली. माझी जागा तीत होती, अर्ज माझ्या पिशवीत होता.

पारोळ्याच्या डॉक्टरांनी दोघींना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि धोका नाही म्हणाले. कमलला पुढे मुलगी झाली, धडधाकट. हे आप्पांनी पत्र पाठवून कळवलं, आणि ते पत्र हातात येईपर्यंतचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जळगावला मी पुढच्या वर्षी गेले. नाना स्वतः सोडायला आले. तोवर आमच्याकडची रीतही बदलली होती. पोतं पायानं दाबून झालं की नाना गिऱ्हाइकालाच खड्ड्यात उतरवायचे. "मले आयकू येस नही. तुमीच आयका," असं सरळ सांगायचे. काही लोक गेले. बरेचसे राहिले, आपल्या गाडीचा सांधा आपणच ऐकायला त्यांना आवडायचं. मग तीन वर्षं आम्ही ते नाटक कशाला केलं, असा प्रश्न मला अजून पडतो. आणि दुसरा त्याहून वाईट. लिंबाखाली मी नानांच्या कानांचं सांगितलं ते कमलला वाचवायला, पण तेवढंच होतं का? गळतंय, चूक माझी आहे, एवढं सांगूनही तिला वाचवता आलं असतं. कान मध्ये आणायची गरज नव्हती. कुठंतरी मला सुटायचं होतं. परवा नातवानं नवी विजेवरची गाडी आणली. तिला सायलेन्सरच नाही, आवाजही नाही. मला चक्कर मारून आणली आणि कशी वाटली विचारलं. गाडी चांगली आहे, असं मी म्हणाले, आणि पूर्ण वेळ कान देऊन बसले होते.

त्या दिवशी नाना आणि मी सगळे पडदे वर गुंडाळून, उघड्या जीपमधून धुळ्याला परत आलो. दुपारचे दोन झाले होते, पत्रा तापून शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. नानांनी सदरा काढला नाही, तसेच खड्ड्यात उतरले. वरच्या फटीतून त्यांनी बोटानं दोरी उकरून काढली. तिचा अर्धा भाग रस्त्यातच गळून गेला होता. मग त्यांनी खिडकी पाडली, मी तार धरली, त्यांनी आतून सांधा भरला. पांढऱ्या सदऱ्यावर ठिणग्यांची भोकं पडत होती. माय वर कडेला बसून पाहत होती. गल्लीत बातमी आमच्या आधी पोचली नव्हती, पण जीप परत आलेली पाहून बायका दारात आल्या होत्या.

खिडकी बंद झाल्यावर नानांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. "तू बोलनी ना तठे," ते म्हणाले, "तव्हय बठ्ठा मना कानकडे देखाले लागनात. मी तवढावरथी वळखं." सगळ्यांच्या नजरा आपल्या कानांकडे वळलेल्या त्यांनी तिथं पाहिल्या होत्या. मी खाली मान घालून रडत होते. त्यांनी माझी हनुवटी वर केली, काजळीच्या हातानंच, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. मग अगदी हळू आवाजात, जे त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसणार, त्यांनी विचारलं, "सकायना आवाज बारीक व्हता ना?"

हो म्हणायचं होतं. बारीक होता, इंजिनच्या आवाजात नीट कळला नाही, असं म्हटलं असतं तर त्यांनी ते जन्मभर धरून ठेवलं असतं आणि सगळ्यांना तेच सांगितलं असतं. ते माझ्याकडून तेच मागत होते.

"नही," मी म्हणाले. "मोठा व्हता."

रडण्यानं माझे ओठ वेडेवाकडे हलले असतील. त्यांना कळलं नाही. ते पुढे वाकले. "काय?"

"मोठा व्हता, नाना."

त्यांनी कानाच्या पाळीमागे हात धरला. माझ्यासमोर असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. वर माय होती, दारात बायका होत्या, समोरच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली होती. मी पोटातून जोर लावून ओरडले, "मोठा व्हता! मले साफ आयकू उना! मी मुद्दाम मूठ वळी!"

गल्लीच्या टोकापर्यंत गेलं ते. नानांनी कानामागचा हात खाली घेतला, मान हलवली आणि म्हणाले, "आते आयकू उनं."